भाजलेली पत्रं

१३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
मुंगीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. पाकीट फोडलं आणि नेहमीप्रमाणे मांडीवर पांढरी पूड सांडली. शाई टिपायला टीपकागद नावाची वस्तू मिळते, हे तुला कुणीतरी सांगायला हवं. पण तू आपली फळीवरची चिमूट उचलणार, ओल्या अक्षरांवर टाकणार आणि फुंकर मारणार. तक्रार नाही हं. त्या पुडीला आपल्या पावाच्या भट्टीचा वास येतो. म्हणून तुझी पत्रं मी प्रयोगशाळेतल्या कोटाच्या खिशात ठेवते आणि कामातून उसंत मिळाली की स्टुलावर बसून पुन्हा वाचते. वसतिगृहाच्या खोलीत ती सोय नाही. तिथली माझी सोबतीण खांद्यावरून वाचते आणि वर तुझ्या अक्षराला हसते.

बातमी मात्र चांगली नाही. मी कूर्चा वाढवते आहे हे तुला माहीत आहेच. लहानपणी माझा कान जिथे धरून तू मला सरळ करायचीस, तिथे असते ती. गुडघ्यातही असते, आणि ती झिजली की माणसाला जिना नकोसा होतो. दवाखान्यात शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या तुकड्यातून पेशी काढतात. त्या जेलीच्या मऊ चकतीत पेरायच्या, काचेच्या तबकडीत गुलाबी पाण्यात बुडवून उबेच्या पेटीत ठेवायच्या. ते पाणी म्हणजे त्यांचं खाणं, ते दर दोन दिवसांनी बदलायचं. सहा आठवड्यांनी शर्टाच्या बटणाएवढा कूर्चेचा तुकडा तयार होतो. मग बाहेरून परीक्षक येतात, आमच्या मार्गदर्शक बाई शेजारी उभ्या राहतात आणि तो तुकडा दाबयंत्राखाली जातो. दाबला की परत वर आला पाहिजे. आला, तर पुढची दोन वर्षं हे काम माझं. नाही आला, तर माझी जागा दुसऱ्या कुणाची, आणि मी घरी.

माझ्या वाट्याला गोठवलेल्या पेशींच्या तीन कुप्या आहेत. एका कुपीत एक खेप. पहिली खेप काल गेली. सकाळी पेटी उघडली तर गुलाबी पाणी गढूळ आणि पिवळट. सोमवारी तुझं पत्र वाचत होते तेव्हा ते अगदी नितळ होतं. बाई एवढंच म्हणाल्या की पहिली खेप सगळ्यांचीच जाते, आता पेटी धू. मी पेटी धुतली, टेबल धुतलं, भिंतसुद्धा धुतली. सोमवारपासून दुसरी खेप सुरू करते.

बाबांना सांग की बस सावकाश चालवा, शाळेला उशीर झाला म्हणून कुठलंही मूल रडत नाही. तुझा लोभ आहेच, तो या तबकड्यांवरही थोडा असू दे.

तुझी,
मुंगी


२० फेब्रुवारी

चि. मुंगीस,
आत्याचे अ. आ.

पाव भट्टीत ढकलले आणि लिहायला बसले. ते होईपर्यंतचा वेळ तुझा. फोन का करत नाहीस म्हणून तुझा बाप रोज विचारतो. दोन्ही हात पिठात असताना फोन काय दातात धरू? आणि फोनवर बोलले की रांगेतली सगळी गिऱ्हाइकं कान टवकारतात आणि वर सल्ले देतात. परवा तर पाव घ्यायला आलेल्या चांभाराने मला विचारलं की भाचीच्या पेशी कशा आहेत.

आता मुद्द्याचं. हात धुतेस का? खरं सांग. तुला ठाऊक आहे, घाईत असलीस की तू बोटांची टोकं ओली करतेस आणि त्यालाच धुणं म्हणतेस. सव्वीस वर्षं मी भट्टी चालवते आहे. एक पोरकिडा माझ्या मैद्यात कुणी दाखवावा. आणि माझ्याच हाताखाली वाढलेल्या पोरीच्या पेटीत घाण व्हावी, हे काही मला पटत नाही. तू स्वच्छ असशील तर दुसरं कुणीतरी नसणार. कोण ते शोधून काढ. भिडस्तपणा करू नकोस.

तुझा बाप बरा आहे. बसची घंटा बिघडली म्हणून तोंडाने शिट्टी वाजवतो, आणि मुलांना तीच जास्त आवडते. मला त्याने नवीन चष्मा करायला लावला. त्यातून तो आणखीच पिकलेला दिसतो, पण मी बोलले नाही.

आणि नाहीच जमलं, तर तोंड पाडून बसू नकोस. भट्टी काही कुठे पळून जात नाही. उसळण्याबिसळण्याचं म्हणशील तर ते मला विचार. फुगलेल्या गोळ्यात बोट दाबलं की खळगा हळूहळू भरून यावा लागतो. झटकन भरला तर गोळा अजून कच्चा, भरलाच नाही तर वेळ उलटून गेली. यंत्र कशाला हवं त्याला?

पाव झाले, वास आला. पत्रावर चिमूट टाकते आणि उठते. माझ्यावर राग धरू नये, लोभ धरावा.

तुझी,
आत्या


२ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

दुसरी खेपही गेली. मंगळवारी तुझं पत्र आलं, आणि शुक्रवारी पाणी गढूळ. मंगळवारी मी इतकी खुशीत होते, त्या चांभाराचं वाचून एकटीच हसत होते, आणि तीन दिवसांत ही तऱ्हा.

या वेळी बाईंनी स्वतः सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आणि मला बघायला लावलं. माझ्या पेशींच्या मध्ये गोल गोल मणी, आणि प्रत्येक मण्याला बाजूने आणखी एक छोटा मणी फुटलेला. यीस्ट. जंतू वाढू नयेत म्हणून पाण्यात औषध घातलेलं असतं, पण यीस्टला त्याचं काही सोयरसुतक नसतं. बाई म्हणाल्या की हे उडत आलेलं नाही, कुणीतरी वाहून आणलेलं आहे.

आता वाहून आणणारा कोण, हे सांगायला ज्योतिषी नको. शेजारच्या खोलीत लांबू बसतो. फळांच्या साली यीस्टने आंबवायच्या आणि त्यापासून गाडीला चालेल असं इंधन करायचं, हे त्याचं काम. त्याच्या बाटल्या दिवसभर बुडबुडत असतात. पेन मागायला, वेळ विचारायला, काही नाही तर दारात उभं राहायला तो सारखा इकडे येतो. तू म्हणालीस ना, भिडस्तपणा करू नकोस. नाही केला. सगळ्यांसमोर त्याला सांगितलं की तुझ्या बाहीवरून माझं वर्षाचं काम बुडतं आहे. तो नुसत्या बाह्या बघत राहिला. तेव्हापासून पेन मागायलाही येत नाही.

एकच कुपी राहिली आहे, आत्या. बाईंनी स्पष्ट सांगितलं की यीस्ट कुठून येतं ते कळल्याशिवाय ती उघडायची नाही. आणि कळलं नाही, तर उघडायचीच नाही. मला जेवण जात नाही. तुझं पत्र खिशात आहे, ते अधूनमधून चाचपते आणि पुन्हा कामाला लागते.

लवकर लिही. लोभ आहे तसा राहू दे, जास्तच झाला तर चालेल.

तुझी,
मुंगी


७ मार्च

चि. मुंगीस,
अ. आ.

शाबास! बोललीस ते बरं केलंस. लांबू म्हणे. साली आंबवून गाड्या चालवणार! माझ्या भट्टीत इतकी वर्षं पीठ आंबतंय, एक हातगाडी हललेली नाही. त्याला सांग, आधी बाही झटक.

जेवण जात नाही, हे मात्र मला चालायचं नाही. रिकाम्या पोटी हात थरथरतात. जेवत नाहीस असं पुन्हा लिहिलंस तर मी पिशवी घेऊन तुझ्या बाईंच्या दारात उभी राहीन, आणि मग तुला कळेल लाज कशाला म्हणतात.

मी ठरवलं आहे, आता दर आठवड्याला लिहायचं. माझ्या पत्राने तुला बळ येतं ना, मग कंजूषपणा कशाला? बळाला काय, माझ्याकडे पोतीच्या पोती पडली आहेत. चांभाराला तुझं पत्र वाचून दाखवलं. तो म्हणाला की शिलाई उसवते तेव्हा लोक चामड्याला नावं ठेवतात, दोष दोऱ्याचा असतो. याचा तुझ्या कामाशी काय संबंध ते मला कळलं नाही, पण बोलला कळकळीने.

आज पत्र घाईचं, बिस्किटं आहेत, ती पावासारखी थांबत नाहीत. शाई फार ओली राहिली म्हणून दोन चिमटी टाकते. खचू नकोस. लोभाची काळजी तू करू नकोस, ते खातं माझ्याकडे.

तुझी,
आत्या


१९ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. सोमवारी शेवटची कुपी उघडायची आहे, त्यामुळे फार कामात आहे.

एक विनंती. परीक्षा चार मेला आहे. तोपर्यंत तू पत्र लिहू नकोस. मीही लिहिणार नाही. मन एका जागी ठेवायचं आहे, दुसरं काही कारण नाही. बाबांनी अधूनमधून फोन केला तर पुरेल.

तब्येत सांभाळ. लोभ असावा.

मुंगी


२८ मार्च

चि. मुंगी हिस,
अ. उ. आ.

मला पत्र लिहिता येत नाही हे तुला माहीत आहे. बस शाळेच्या अंगणात उभी आहे, मुलं सुटायला अजून अर्धा तास आहे, म्हणून स्टिअरिंगवर वही ठेवून लिहितो आहे. फोनवर हे बोलवलं नाही.

ताईने या आठवड्यात दोन वेळा पाव जाळले. गेल्या सव्वीस वर्षांत तिने किती जाळले, ते मला एका हाताच्या बोटांवर मोजता येईल. गिऱ्हाइकांशी ती भांडत नाही. मी परवा मुद्दाम चिखलाचे बूट घालून आत गेलो, तर तिने स्वतःच फरशी पुसली. तेव्हा मला खरी काळजी वाटली.

तुझं पत्र तिने दोनदा वाचलं आणि मिठाच्या डब्याखाली ठेवलं. मी विचारलं तर म्हणाली, मुलगी शिकली, मोठ्या लोकांत बसते, तिला आता पिठाच्या हातांची पत्रं मिरवायला नको वाटत असणार आणि तिचं बरोबरच आहे. तू तशी नाहीस असं मी म्हणालो. ती म्हणाली की मग लिहू नको असं का लिहिलं?

तुझं काहीतरी कारण असेल. मला कळव. मी कुणाला सांगणार नाही. मुलं सुटली, थांबतो. लोभ आहे हे लिहावं लागतं म्हणून लिहितो, तुला ते माहीत आहे.

तुझा,
बाबा


२ एप्रिल

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र बसमध्येच वाचा आणि तिथेच ठेवा. आत्याच्या हाती लागू देऊ नका.

लांबूला मी सगळ्यांसमोर बोलले होते, ते तुम्हाला आत्याने सांगितलं असेलच. त्याने भांडण केलं नाही. आत्याचं मार्चमधलं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तो यीस्टचं खाणं भरलेल्या वीस तबकड्या घेऊन आला, प्रत्येकीवर क्रमांक. एक दाराशी उघडी ठेवली, एक खिडकीशी. एकीला स्वतःची बाही घासली, एकीला माझी किल्ली, एकीला माझं पेन, एकीला माझ्या कोटाचा खिसा. तीन दिवस त्याच्या पेटीत ठेवल्या. एकोणीस तबकड्या नितळ. त्याच्या बाहीचीसुद्धा. सतरा क्रमांकाची मात्र पांढरी शुभ्र झाली. सतरा म्हणजे माझा खिसा.

मग खिसा उलटा केला. त्यातून आत्याची सहा पत्रं निघाली. सहा पत्रांना सहा तबकड्या लावल्या. बाबा, साही उगवल्या! फळीवरची चिमूट. ज्या फळीवर ती यीस्ट मिसळते, त्याच फळीवर बसून लिहिते आणि तिथलीच पूड शाईवर टाकते. मी पत्र वाचायचे, हातमोजे चढवायचे, आणि ज्या बाहीवर पूड सांडलेली तीच बाही तबकडीवरून फिरवायचे. तारखा काढून पाहिल्या. दोन्ही वेळा पत्र आल्यापासून तिसऱ्या दिवशी पाणी गढूळ.

लांबूने सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आणि सांगितलं की आमचं यीस्ट लांबट असतं, हे गोल आहे, हे पावाचं. घरी कुणाची बेकरी आहे का, असं त्याने अगदी साधेपणाने विचारलं. मला तोंड लपवायला जागा उरली नाही. त्याच सगळ्यांसमोर मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला की एक ताजा पाव मिळाला तर माफ. आणि सतरा नंबरची तबकडी त्याने मागून नेली. त्याच्या सालींवर आपलं यीस्ट असं काही तुटून पडलं आहे की त्याचं स्वतःचं आता त्याला आळशी वाटतं.

बाईंना मी सगळं सांगितलं. कोट उकळला, खिसा शिवून टाकला, पत्रं वसतिगृहातल्या ट्रंकेत बंद केली, आणि मग तिसरी खेप सुरू केली. आज अकरावा दिवस, अजून पाणी गुलाबी आहे.

आता तुम्हीच सांगा, हे आत्याला कसं लिहू? माझ्या दोन खेपा तिच्या चिमटीने गेल्या हे तिला कळलं तर ती आयुष्यात पुन्हा मला दोन ओळी लिहायची नाही. त्यापेक्षा चार मेपर्यंत तिने माझ्यावर रागावलेलं बरं, असं मला वाटलं. मिठाच्या डब्याचं वाचलं तेव्हापासून तसं वाटत नाही. तिच्या हातांची मला लाज वाटते असं तिला वाटावं, याहून वाईट काय असणार? काय करू ते कळवा.

तुमची,
मुंगी


९ एप्रिल

चि. मुंगीस,
आत्याचे अ. आ.

पत्राचा रंग पाहून घाबरू नकोस. ते भाजलेलं आहे.

तुझ्या बापाने पत्र लपवलं नाही. त्याच्याकडून काही लपवलं जात नाही, चेहराच दवंडी पिटतो. संध्याकाळी त्याने ते सरळ माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाला की मी शब्द मोडतो आहे, पण जळका पाव आता माझ्याने खाववत नाही.

तर ऐक. यीस्ट कशाने जगतं ते तुझ्या बाईंना ठाऊक असेल. कशाने मरतं ते मला विचारा, सव्वीस वर्षं रोज मारते आहे. हे पत्र मी बसमध्ये बसून, कोपरापर्यंत हात धुऊन, बापाच्या बॉलपेनने लिहिते आहे. या पेनाला चिमूट लागत नाही. लिहून झालं की पाकिटात घालून, कोऱ्या पत्र्यावर ठेवून, बिस्किटं निघाल्यावरच्या उतरत्या आचेत बारा मिनिटं. पहिलं पत्र पूर्ण आचेत ठेवलं, त्याचा कोळसा झाला. दुसरं वाळक्या पानासारखं गुंडाळलं गेलं. हे तिसरं. तिकीट नंतर तुझा बाप लावील, मी हातही लावणार नाही. तरी तुझ्या त्या लांबूला सांग, तबकडी लाव आणि बघ. उगवलं तर मी लिहिणं सोडीन. आणि त्याला मी नको ते बोलले, तेही सांग. दोन पाव वेगळे पाठवते आहे, ते प्रयोगशाळेच्या बाहेर खा.

आता दुसरं. हे लिहायला हात जड होतो आहे, पण लिहिते. एकच कुपी राहिली, असं तू मला लिहिलंस ना, तेव्हा ते वाचून मला आधी बरं वाटलं. वाईट नंतर वाटलं. आधी मनात आलं की आता येईल ही घरी. पीठ मळता मळता तुझी जागाही ठरवून झाली, तू खिडकीशी, मी भट्टीशी. पाव निघेपर्यंत मी त्याच खुशीत होते. मग शरम वाटली आणि तुला ते बळाचं पत्र लिहिलं. आणि त्यावर दोन चिमटी टाकल्या.

म्हणून बापाने परवा तुझं पत्र दाखवलं तेव्हा आधी त्या दोन चिमटी आठवल्या. चुकून झालं हे मलाही कळतं. पण मनाने जे मागितलं, ते हाताने करून टाकलं, असंच वाटत राहिलं. तू रागावलीस तर मला चालेल. पण काम सोडू नकोस. माझ्यासाठी तर मुळीच नको.

लोभ ठेवशील का, असं या खेपेला खरोखरच विचारते आहे.

तुझी,
आत्या


१६ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. आणि आणखी एक जास्तीचा न.

तुझं पत्र कुरकुरीत आलं. घडी उलगडताना कोपरा मोडून पडला आणि लांबूला तो खाऊन बघायचा होता, त्याला आवरलं. बाईंनी स्वतः तबकडी लावली. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. नितळ! बाईंनी ते पत्र उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाल्या की आमच्या वाफेच्या यंत्रात कागद लगदा होऊन निघतो, या बाईंना आच कळते. मग त्यांनी दारावर नवीन सूचना लावली, घरून आलेली पत्रं भाजूनच आत आणावीत. लोक येऊन वाचतात आणि विचारात पडतात.

आता तुझ्या दुसऱ्या गोष्टीचं. मी रागावले नाही. दुसरी खेप गेली त्या दिवशी सिंकवर उभी राहून तबकड्या ओतत होते, तेव्हा माझ्याही मनात पहिल्यांदा काय आलं सांगू? बरं झालं, आता घरी जाऊ, खिडकीशी बसू, कुणी आपल्याला दाबून बघणार नाही. मग मलाही शरम वाटली आणि त्या शरमेत मी लांबूला बोलले. तेव्हा तुझ्या मनात आलं ते माझ्याही मनात येऊन गेलं. यीस्ट मात्र तुझ्या मनातून आलेलं नाही, फळीवरून आलं. हे मी शास्त्र शिकलेली मुलगी सांगते आहे, ऐक जरा.

आज पंचविसावा दिवस. पाणी गुलाबी आहे. मला फार भीती वाटते. लिही, भरपूर लिही, नीट भाज.

लोभ ठेवशील का असं पुन्हा विचारलंस, तर मी तुझ्याशी बोलणार नाही.

तुझी,
मुंगी


५ मे

ती. आत्यास आणि ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

काल फोनवर मी रडले आणि तुम्हाला वाटलं काहीतरी बिनसलं. म्हणून आज नीट लिहिते.

परीक्षक म्हणजे एक बारीकसे, गळ्यात चष्मा लोंबणारे गृहस्थ. त्यांनी तुकडा चिमट्याने उचलला, उजेडाला धरला, यंत्राखाली ठेवला. वरचा दांडा खाली आला आणि माझा तुकडा पोळीसारखा चपटा झाला. दांडा वर गेला. तुकडा तसाच. पडद्यावरचा आकडा हलेना. बाई माझ्याकडे बघत नव्हत्या, लांबू दारात उभा होता, त्याने डोळे मिटून घेतले होते. मी मनात घरी जायची पिशवीसुद्धा भरायला घेतली. आणि मग आकडा सरकला. एक घर, आणखी एक. अगदी सावकाश, कसलीच घाई नसल्यासारखा, पार पहिल्या जागेपर्यंत. परीक्षकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पुन्हा दाबायला सांगितलं. पन्नास वेळा दाबला. पन्नास वेळा तो उठला.

शेवटी त्यांनी विचारलं की दोन खेपा गेल्यावर तिसरी कशी टिकली. मी खरं ते सांगितलं, चिमटीपासून भट्टीपर्यंत. ते पहिल्यांदा हसले. म्हणाले की अहवालात हे सगळं लिहा, आच आणि मिनिटांसकट, पुढच्याच्या उपयोगी पडेल. तेव्हा आत्याच्या नावासकट लिहिलं आहे, प्रत सोबत पाठवते. दोन वर्षांची जागा मिळाली, आत्या! कागदावर बाईंची सही झाली.

दोन वर्षं फार झाली, हे मला कळतं. भट्टीशी तू एकटी, हेही कळतं. मला आनंद झाला आहे आणि तो तुला कसा सांगावा ते समजत नाही. म्हणून फोनवर रडले.

तुमच्या लोभातच आहे,
मुंगी


१२ मे

चि. मुंगीस,
आत्याचे अ. उ. आ., पोतं भरून.

तुझं पत्र मी दुकानात मोठ्याने वाचलं. चांभाराने टाळ्या वाजवल्या. पन्नास वेळा उठला हे ऐकून रांगेतल्या एका आजोबांनी विचारलं की गुडघ्यात कधी बसवतात. त्यांना म्हटलं, दम धरा, पोरगी कामाला लागली आहे. तुझ्या बापाने दिवसभर बसमध्ये शिट्टी वाजवली, थांबा नसलेल्या ठिकाणीसुद्धा.

तुझ्या अहवालाची प्रत वाचली. मला त्यातलं निम्मं कळलं नाही, पण एक चूक सापडली. तू भाजायची वेळ वीस मिनिटं लिहिली आहेस. बारा. वीस मिनिटांत शाई उडते आणि मागे नुसता कागद राहतो. बाईंना सांगून ते दुरुस्त करून घे. माझं नाव घालून चुकीचं छापलेलं मला चालणार नाही.

आनंद कसा सांगावा म्हणतेस. असाच सांगायचा, सरळ. आनंद कुणाला विचारून होत नाही. मला झाला, आणि त्याच्या पाठोपाठ खिडकीशी रिकामी जागाही दिसली. दोन्ही खरं. खोटं तुला मी कशाला लिहू?

काल सकाळी मी दारावर पाटी लावली, कामाला माणूस पाहिजे. तुझा बाप नुसता बघत उभा राहिला. तीन वर्षं तो मला हे सांगत होता आणि मी तीन वर्षं म्हणत होते की गरज नाही. दुपारच्या आत शाळेतल्या निवृत्त कवायतीच्या बाई येऊन उभ्या राहिल्या. घरी बसून कंटाळल्या आहेत म्हणाल्या. दंड बघितलेस तर घाबरशील. एक-दोन, एक-दोन करत पीठ मळतात आणि गिऱ्हाइकांना रांगेत ताठ उभं करतात. मळणं मात्र उत्तम. त्यांना मी खिडकीशी जागा दिली.

ती जागा तुझी होती, मुंगे. तेव्हा आता नापास होऊन घरी यायची सोय राहिलेली नाही. सुट्टीत ये, चार दिवस राहा, पाहुणीसारखी बस आणि आयता पाव खा.

तुझी,
आत्या